प्रकरण दुसरे

मी आजवर साठ-सत्तर पीएच.डी.चे प्रबंध वाचले आहेत, असं सांगितलं तर आमच्या शाखेत कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. कारण त्या प्रबंधांतली मी फक्त ऋणनिर्देशाची पानं वाचली आहेत. पण ती अगदी मन लावून.

याला कारण आमची सौ. ती हिंगणघाटला कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. २०१९ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तिने नागपूर विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी केली. विषय : 'हिंगणघाट तालुक्यातील कापूस उत्पादकांना मिळणाऱ्या पीककर्जाचा चिकित्सक अभ्यास'. मी नुसता बी.कॉम., तोही वर्ध्याहून, अपेक्षित प्रश्नसंचाच्या कृपेने. पीककर्जाशी माझा संबंध काउंटरच्या आतल्या बाजूने येतो आणि त्यात चिकित्सक असं काही मला वीस वर्षांत आढळलं नव्हतं. पण बायको डॉक्टर होणार म्हटल्यावर नवऱ्याने आनंदी दिसावं लागतं. मी दिसलो.

आमच्या वेळचं संशोधन म्हणजे ग्रंथालयात जायचं, खिडकीपाशी उभं राहायचं, चिठ्ठी आत द्यायची आणि ग्रंथपालाच्या चेहऱ्याकडे पाहायचं. तो चेहरा आमच्या मॅनेजरच्या चेहऱ्यासारखा असे. कर्ज मागायला आलेला माणूस बुडवणारच, हे गृहीत. पुस्तक मिळालं तरी नेमकी हवी ती पानं आधीच्या अभ्यासूने ब्लेडने कापून नेलेली असत. आता तसं नाही. सौ. रात्री जेवणं आटोपली की ओट्यावर लॅपटॉप उघडून बसते आणि आख्खा हिंदुस्थान तिच्यापुढे पानं उलगडून उभा राहतो.

त्यात मुख्य म्हणजे शोधगंगा. वाचकांपैकी ज्यांच्या घरात अजून कुणी पीएच.डी. करत नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो : विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केला की यापुढे प्रत्येक प्रबंधाची संगणकीय प्रत द्यायची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने त्या प्रती एका ठिकाणी ठेवायला सुरुवात केली, तीच ही शोधगंगा. संशोधनाच्या नुसत्या आराखड्यांसाठी निराळी शोधगंगोत्री आहे. नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. लाखो प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. पूर्वी प्रबंध लिहिला की तो कपाटात जाई आणि मग त्याला फक्त कसर वाचत असे. आता कुणीही वाचू शकतं. वडनेरचा बँक कारकूनसुद्धा.

शिवाय प्रत्येक प्रबंध तिथे सुट्या सुट्या फायलींत असतो. मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, ऋणनिर्देश वेगळा, प्रकरणं वेगवेगळी. व्हाउचरं लावून ठेवावीत तशी. त्यामुळे मला थेट ऋणनिर्देश उघडता येई. काय साहित्य आहे हो ते! आधी मार्गदर्शक, मग त्यांच्या सौभाग्यवती (चहासाठी), मग संस्थाचालक, मग आईवडील आणि सर्वांत शेवटी, टंकलेखकाच्या जरासं वर, पत्नी. 'तिच्या त्यागाशिवाय' वगैरे. साठ-सत्तर प्रबंधांत मिळून एकाही नवऱ्याने 'त्याग' हा शब्द टाळलेला नाही. बायकांनी लिहिलेल्या प्रबंधांत मात्र नवऱ्याचा त्याग क्वचित. तिथे 'सहकार्य' असतं. मी अस्वस्थ झालो. सहकार्य तर वायरमनही करतो.

"काय वाचून राहिले एवढं?" सौ.ने एकदा विचारलं.

"संदर्भ शोधतो आहे," मी म्हणालो.

संदर्भांची तिच्याकडे टंचाई नव्हतीच. तिच्या संशोधन केंद्राच्या कॉलेजकडून एन-लिस्टचा पासवर्ड मिळाला होता. त्यात सहा हजारांहून जास्त नियतकालिकं. आमच्या वडनेरात वर्तमानपत्रंसुद्धा हिंगणघाटची गाडी आली तर येतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय होतं. २०२५च्या जानेवारीपासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' आली. केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी मोजले आणि तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना नि संस्थांना खुली केली. तेव्हापासून सौ. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन येऊ लागली आणि येताना पेन ड्राइव्हमध्ये इतकं काही आणू लागली, की पूर्वी ती नागपूरहून फक्त संत्रा बर्फी आणत असे याची आठवण होऊन मला भरून येई. टेक्सासचा कापूस, इजिप्तचा कापूस, उझबेकिस्तानचा कापूस, सगळा आमच्या ओट्यावर. अडचण एवढीच, की वडनेरचा कापूस कुठे सापडेना.

तसं वडनेर सापडायला कठीण नाही. हिंगणघाटहून हैदराबादच्या रस्त्याने निघालात की लागतं. पूर्वीचा सात नंबरचा महामार्ग, आता चव्वेचाळीस. काश्मीरहून कन्याकुमारीला जाणारा प्रत्येक ट्रक आमच्या गावावरून जातो. थांबत नाही, ही गोष्ट निराळी. पण संगणकात 'वडनेर' टाकलं की आधी येतं नाशिक जिल्ह्यातलं वडनेर भैरव. मग बुलढाण्याचं वडनेर भोलजी. मग अमरावतीचं वडनेर गंगाई. आमच्या वडनेराला असं काही आडनाव नाही. नुसतं वडनेर. बिनआडनावाच्या माणसाला बँकेत खातं उघडून मिळत नाही, तिथे गुगलात काय मिळणार?

आता मूळ गोष्टीकडे येतो. आतापर्यंत येत नव्हतो, कारण ती माझ्या विरुद्ध जाते.

प्रत्येक प्रबंधात दुसरं प्रकरण ठरलेलं असतं : 'अभ्यासक्षेत्राचा परिचय'. जिल्ह्याचा इतिहास, नद्या, पाऊस, माती, लोकसंख्या. २०२४च्या दिवाळीत सौ. कोष्टकांत बुडाली होती. त्यात दोन पोरांच्या परीक्षा. आणि ऋणनिर्देशात सहकार्याच्या वर चढायची मला घाई झालेली. मी म्हणालो, "दुसरं प्रकरण माझ्यावर सोड. जन्म गेला इथे. मला नाही माहीत तर कोणाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांत तिने तसं पाहिलं नव्हतं. तिथेच मी चुकायला सुरुवात केली.

कागद घेऊन बसलो आणि लक्षात आलं, की जन्म गेलेल्या जागेबद्दल मला तीन वाक्यांपलीकडे काही माहीत नाही. त्यातलं एक ट्रकचं होतं. मोबाइलमधल्या एका हुशार यंत्राला विचारलं, तर त्याने अतिशय नम्रपणे वडनेरच्या द्राक्षबागांचं वर्णन करून दिलं. ते भैरवचं वडनेर होतं. आमच्याकडे द्राक्षं गाड्यावर येतात, तीही आंबट. शेवटी मी शोधगंगेत उतरलो.

आणि सापडलं! आमच्याच जिल्ह्यावरचा कुणाचा तरी जुना प्रबंध. दुसरं प्रकरण पंधरा पानांचं, गुटगुटीत. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला, आधी ठाणं पुलगावजवळ कवठ्याला होतं, १८६६मध्ये ते पालकवाडीला आणून तिथे वर्धा वसवलं, हे सगळं त्यात होतं. मी मजकूर उचलून आमच्या फाइलीत चिकटवला, तर पानभर 'ÖêúÃÖ¸ü' असली काहीतरी भुताटकी उमटली. कारण युनिकोड यायच्या आधी मराठी ज्या निरनिराळ्या फॉन्टांत टाइप करत, त्यांत अक्षर दिसायला 'क' असलं तरी संगणकाच्या लेखी ते फिरंगी असतं. तो फॉन्ट नसला की बुरखा गळून पडतो. म्हणून तर जुने मराठी प्रबंध डोळ्यांना दिसतात, पण शब्द टाकून शोधले तर हाती लागत नाहीत. पुष्कळसे तर नुसते पानांचे फोटो. घर आहे, दार नाही.

मग मी काय केलं? पंधराही पानं समोर ठेवून हाताने टाइप केली. आठ रात्री लागल्या. मान दुखली. २०११च्या जनगणनेचे आकडे मी स्वतः घातले : जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४. मूळ लेखकाच्या दोन ठिकाणच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारल्या. आठव्या रात्री माझी मनापासून खात्री झाली, की हे प्रकरण मीच लिहिलं आहे. माणूस आठ रात्री मान मोडून चोरी करतो तेव्हा त्याला ती मेहनत वाटू लागते. दरोडेखोरांचंही असंच होत असावं.

सौ.ने वाचलं. म्हणाली, "अहो, किती छान लिहिलं तुम्ही. अगदी प्रबंधासारखं वाटते."

वाटणारच.

पुढे चौदा-पंधरा महिने गेले. कोष्टकं झाली, निष्कर्ष झाले, बांधणीवाल्याशी भाव झाला. मुदत महिनाअखेरीस संपत होती. आणि मार्गदर्शक सर म्हणाले, आधी साम्य तपासून घ्या.

ही भानगड मला ठाऊक नव्हती. २०१८ साली आयोगाने वाङ्मयचौर्याचे नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहा ते चाळीस म्हणजे सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. चाळीस ते साठ म्हणजे वर्षभर प्रबंध देता येणार नाही. साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. थकीत कर्जाचेही आम्ही असेच वर्ग करतो, पण आमच्याकडे माफीची योजना तरी येते. तपासायला २०१९पासून 'शोधशुद्धी' म्हणून सोय आहे. तीत विद्यापीठांना सॉफ्टवेअर मिळतं आणि ते आपला मजकूर जगभरच्या मजकुराशी ताडून पाहतं.

अहवाल आला. साम्य : तेरा टक्के.

रंगीत अहवाल असतो तो. जिथे जिथे दुसऱ्याचं निघतं तिथे रंग. सौ.ची प्रकरणं पांढरीशुभ्र, मधे कुठे रिझर्व्ह बँकेची व्याख्या नाहीतर किसान क्रेडिट कार्डाचा नियम पिवळा. आणि दुसरं प्रकरण? पंधरा पानं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, गुलाबी. रंगपंचमीला आमच्या मॅनेजरचा सदरा होतो तसं. फक्त लोकसंख्येचा आकडा पांढरा राहिला होता.

गंमत बघा. मी ज्याचं उचललं तो जुना प्रबंध यंत्राला सापडलाच नव्हता. कसा सापडणार? तो फिरंगी अक्षरांत. पण माझ्याआधी आणखी एका महाभागाने तीच पंधरा पानं त्याच प्रबंधातून तशीच टाइप करून आपल्या प्रबंधात घातली होती, आणि तो बेटा युनिकोडवाला निघाला. म्हणजे ज्याच्या घरी मी चोरी केली तो गप्प, आणि माझ्याआधी तिथेच चोरी करून गेलेल्याने मला पकडून दिलं. त्याचा ऋणनिर्देश मी नंतर मुद्दाम उघडून पाहिला. त्याने पत्नीचे आभार मानले होते, टंकलेखनाबद्दल.

सौ.ने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हे तुम्ही लिहिलं ना?"

"टाइप मी केलं," मी म्हणालो. आमच्या वीस वर्षांच्या संसारात इतकं खरं आणि इतकं लबाड वाक्य मी बोललो नव्हतो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला मी सरावलेला आहे. ती बराच वेळ त्या गुलाबी पानांकडे बघत बसली आणि मग शांतपणे म्हणाली, "प्रबंधावर प्रतिज्ञापत्र असते. हे सगळं माझं स्वतःचं आहे म्हणून. त्यावर सही माझी आहे."

बस, एवढंच. आता तुम्ही बँकेत नसाल तर तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण मी रोज शंभर माणसांच्या सह्या घेतो. अंगठा लावणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा 'बाबा, काय लिहिलं ते विचारून घ्या आधी' म्हणून दटावतो. आणि घरातल्या घरात मी बायकोची सही एका खोट्या कागदावर घेऊन ठेवली होती. त्या रात्री जेवणात वरण खारट होतं. मी तसं म्हणालो नाही.

सकाळी उठून पाहतो तर दुसऱ्या प्रकरणाची फाइल रिकामी. वर शीर्षक, खाली कोरं.

"माझीही चूक आहे," चहा देताना ती म्हणाली. "मीच लिहायला पाहिजे होतं. आज रविवार आहे. गाडी काढा."

त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी मी वडनेर पाहिलं. गाडी मी चालवायची, वही तिने धरायची, प्रश्न तिने विचारायचे आणि माझं तोंड बंद, असा करार होता. आमच्या शाखेतले खातेदार मला काउंटरच्या बाहेर बघून दचकत होते. वसुलीला आलो असं वाटून एकजण मागच्या दाराने निघून गेला. त्याला परत बोलावून आणायला अर्धा तास लागला. एका आजोबांनी १९७२ची एकाधिकार कापूस खरेदी काल घडल्यासारखी सांगितली. केंद्रावर बैलगाड्यांची रांग, रात्री गाडीखालीच झोपायचं आणि मग चुकारा हप्त्याहप्त्यानं. "पहिल्या हप्त्यात बियाणं, दुसऱ्यात किराणा, अन तिसऱ्याची वाट पाहता पाहता पोरीचं लगन," ते म्हणाले. सौ. भराभर लिहीत होती. २०१७च्या बोंडअळीचं एका बाईने असं काही सांगितलं, की ती बोंडं मला डोळ्यांपुढे किडकी दिसायला लागली. यातलं काही उझबेकिस्तानवाल्या लेखात नव्हतं.

मग दुसऱ्या रविवारी एकजण सहज बोलून गेला, "आम्ही तं दरवर्षी नवं-जुनं करतो."

सौ.ने मान वर केली. "नवं-जुनं म्हणजे?"

तो माझ्याकडे बघून हसला. "साहेबाले विचारा."

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. गाडीवरून उतरल्यावर म्हणाली, "सांगा."

करार मोडून मी सांगितलं. पीककर्ज वर्षाच्या आत फेडलं तर व्याजात तीन टक्क्यांची सूट मिळते. पैसा तर नसतो. मग माणूस अडत्याकडून नाहीतर सावकाराकडून दोन-चार दिवसांसाठी पैसे उचलतो, आमच्याकडे भरतो, जुनं खातं चुकतं. लगेच नवं कर्ज मंजूर होतं. ते काढून तो सावकाराचे परत करतो, वर त्याची दक्षिणा. आमच्या पुस्तकात वसुली शंभर नंबरी. मार्चअखेरीस तेच पैसे माझ्या हातून आत जातात आणि माझ्याच हातून बाहेर येतात. काही नोटा तर मला तोंडओळखीने माहीत आहेत.

सौ. मटकन खुर्चीत बसली. तिच्या चौथ्या प्रकरणात 'नियमित परतफेड करणारे' असा रकाना होता. तो भरघोस भरला होता आणि त्यावरून तिने शेतकऱ्यांची परतफेडक्षमता सुधारत असल्याचा निष्कर्ष काढला होता. सहा वर्षं.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"बँकेत सगळ्यांनाच माहीत असतं."

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"तू कधी विचारलं नाहीस. तू तिकडे बघत होतीस," मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं, आणि लगेच खाली घेतलं. कारण मीही गेली काही वर्षं तिकडेच बघत होतो, आणि तेही फक्त ऋणनिर्देश.

त्यानंतरचे अकरा दिवस आमच्या घरात खिचडी होती. चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष तिने खोडला आणि ज्यांचे पत्ते होते त्या कर्जदारांना पुन्हा फोन करून एकच प्रश्न विचारला. दुसरं प्रकरण पंधरा पानांवरून सहावर आलं. 'नवं-जुनं' यावर दीड पान मी लिहून दिलं. हाताने, शाईने, कुणाचंही नाव न घेता. तिने दोनदा विचारलं, "हे तुमचं आहे ना?" मी तुळशीकडे बघून हो म्हणालो. पुन्हा तपासलं, तर साम्य पाच टक्के. माझं दीड पान पांढरं. मी ते पान आमच्या हेडकॅशियरला मोबाइलवर दाखवलं. तो म्हणाला, "कोरं दिसतंय की." मी म्हणालो, "अरे, तेच तर!"

मुदतीला दोन दिवस असताना प्रबंध गेला. आता परीक्षकांकडे आहे. मौखिकी व्हायची आहे.

जाता जाता मला त्या २०१८च्या नियमात एक फार मोलाचं कलम सापडलं. साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश धरत नाहीत! म्हणजे ऋणनिर्देशात वाटेल तितकं उचला, गुलाबी होत नाही. मी प्रबंध बांधायला जायच्या आदल्या रात्री मोठ्या मनाने म्हणालो, "ऋणनिर्देश मी लिहून देऊ का? साठ-सत्तर वाचलेत. अनुभव आहे."

"तो मी लिहिला," ती म्हणाली.

"बघू."

"बांधायला गेला. शोधगंगेवर चढेल तेव्हा बघा. वेगळी फाइल असते म्हणता ना?"

तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर मी लॅपटॉप उघडतो. मौखिकी झाल्याशिवाय प्रबंध तिथे चढणार नाही हे मला कळतं. तरी उघडतो. बांधणीवाला ओळखीचा आहे, त्याच्याकडे प्रत राहिली आहे का विचारलं. तो म्हणाला, ऋणनिर्देश त्याने वाचला आहे, पण मॅडमनी सांगू नका म्हणून सांगितलंय. एवढंच म्हणाला, की तुमचं नाव टंकलेखकाच्या वर आहे.